अर्धा पेला पाणी

ओलावा तपासणीचा तक्ता. रकाने क्रमाने भरावेत. खाडाखोड करू नये.

रकाना पहिला: नमुना कुठे मिळाला

कचऱ्यात.

आकडेवारी खात्याची इमारत चार मजली. तिच्या पोटात मधोमध एक चौकोनी पोकळी होती, खोल्यांना हवा मिळावी म्हणून बांधलेली. हवा कधीच बंद पडली होती. वर यायचा तो फक्त वास. चारही मजल्यांवरची माणसं खिडकीतून चहाचे कागदी पेले, फळांच्या साली, उष्टे डबे बिनदिक्कत खाली सोडत. सकाळी आठला झाडूवालीने खालचं दार ढकललं, तर त्या ढिगावर मुख्य गणक उताणा पडलेला.

साडेनऊला तपासनीस बाई आल्या. पोलीस खात्यात त्यांना पाठीमागे ‘नाकबाई’ म्हणत. कारण सरळ होतं: कशालाही त्या आधी नाक मुरडत, मग प्रश्न विचारत. आज मात्र नाक मुरडावं की बंदच करावं, असा प्रश्न होता.

गणकाच्या पायात बूट नव्हते. पांढरे मोजे होते, आणि त्यांचे तळवे धुतल्यासारखे स्वच्छ. उजव्या हाताची पहिली दोन बोटं तांबडी होती. बाईंनी ओला बोळा फिरवला. मनगटावरची धूळ निघाली. बोटांवरचा डाग हलला नाही.

“बूट वर आहेत,” हवालदार म्हणाला. “तिसऱ्या मजल्यावर, खनिज वाळवायच्या भट्टीच्या खोलीत, खिडकीसमोर. जोडीने, नीट लावून ठेवलेत. उडी मारणारे ठेवतात तसे.”

“तू किती उडी मारणारे पाहिलेस?”

“सिनेमात, बाई.”

रकाना दुसरा: नमुना कशासाठी हवा

संचालकांच्या खोलीत सुगंधी फवारा मारलेला होता. कुजक्या सालींचा वास आणि त्यावर गुलाब. बाईंना नुसता कुजका वास परवडला असता.

संचालक उभे होते. कोचावर खाण कंपनीचा माणूस बसला होता, पायावर पाय टाकून, घरच्यासारखा.

“हे इथे कसे?” बाईंनी विचारलं.

“आज आकड्याचा दिवस,” संचालक म्हणाले. “दुपारी चारला जाहीर होतो. पत्रकार आत्तापासून आवारात बसलेत.”

“कसला आकडा?”

“देशाच्या शंभर रुपये कमाईतले किती रुपये जमिनीतून आले. खाणी, तेल, जंगल सगळं धरून. आपल्याकडे मुख्य म्हणजे खाणी.”

“आणि तो आकडा वर गेला तर?”

कोचावरून उत्तर आलं. “पंचवीसच्या वर गेला तर कायदा लागतो, मॅडम. खाणीच्या मिळकतीतला दहावा हिस्सा खाणगावांच्या पाण्यासाठी काढून ठेवायचा. तिथल्या नदीला जरा गाळ आलाय ना.”

“गाळ तुमचाच?”

“निसर्गाचा,” तो हसला. “आम्ही फक्त हलवतो.”

“मागच्या वर्षी आकडा किती होता?”

“चोवीस पूर्णांक दोन.”

“त्याच्या आधी?”

“चोवीस पूर्णांक एक. अकरा वर्षं चोवीसच. स्थिर अर्थव्यवस्था आहे आपली,” संचालक म्हणाले.

“आणि यंदा?”

संचालकांनी चष्मा काढून पुसला. “चोवीसच. पण गणकाने काल भलताच आकडा आणला. पंचवीस पूर्णांक सात. म्हणे, खनिजाचा ओलावा चुकीचा धरलाय. बंदरात खनिज ओलं मोजतात, त्यातलं पाणी वजा करून खरं वजन काढतात. आमची भट्टी दर वर्षी शंभरात बारा भाग पाणी दाखवते. हा म्हणाला, खरेदी करणाऱ्यांच्या कागदांवर चारच आहे. मी चूक दाखवून दिली. मनाला लावून घेतलं बिचाऱ्याने. दुपारपर्यंत आत्महत्येचा अहवाल मिळेल ना?”

बिचारा हा शब्द त्या तोंडातून बाहेर पडला तेव्हा बाईंना वाटलं, तोही कुणीतरी खिडकीतून खाली टाकलाय.

रकाना तिसरा: नमुन्यासोबत कोण आले

मुलगी. शाळेत शिकवणारी. जिन्याच्या पायरीवर ताठ बसलेली, डोळे कोरडे.

“बाबा चुकत नव्हते असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “पण चुकले तर ते खोडरबर घ्यायचे. खिडकी नाही.”

“शेवटचं बोलणं कधी झालं, ताई?”

“काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन केला त्यांनी. म्हणाले, राखीव डबा उघडलाय, चारला भट्टीत ठेवलंय, पहिलं वजन आत्ता झालं. अजून एक-दोन वजनं झाली की येतो. खुशीत होते. माझ्याशी शाईवरून भांडलेसुद्धा.”

“शाईवरून?”

“काल सकाळी माझी लाल शाईची बाटली घेऊन गेले. मी म्हटलं, बाबा, माझ्या वह्या तपासायच्या राहिल्यात. तर म्हणतात, पोरांना एक दिवस नापास होऊ नको देऊस.” ती बाईंकडे वळली. “बाई, तुम्ही आत्महत्या लिहिलीत की त्यांचा आकडाही वेड्याचा ठरेल. माणूस गेलाच आहे. निदान तेवढं तरी राहू द्या.”

रकाना चौथा: ओले वजन

भट्टीची खोली म्हणजे तांबडा रंग. फरशी, टेबल, खिडकीची बिनगजांची चौकट, सगळ्यावर खनिजाची धूळ बोटभर. दहा पावलं चालल्यावर बाईंनी बूट उलटा करून पाहिला. तळवा तांबडालाल.

त्यांनी खिडकीसमोर जोडीने ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं. बिनबंदांचे, ढिले बूट. खिडकीपासून दोन पावलांवर.

खोलीत एकच माणूस होता. सगळे त्याला काका म्हणत. तीस वर्षं भट्टी सांभाळणारा, पांढऱ्या भुवयांचा, मऊ बोलणारा. भट्टी लोखंडी कपाटाएवढी. तिच्या दारावर ताटलीएवढी गोल काच, धुळीने माखून आंधळी झालेली.

“देवमाणूस होता हो,” काका म्हणाले. “बसा बाई. पाणी घ्या. चेहरा उतरलाय तुमचा.”

त्यांनी काचेचा पेला पुढे केला. पेल्यावर बाहेरून बारीक आडव्या रेघा ओरखडलेल्या होत्या, एकीवर एक. बुडाशी तांबडा गाळ बसलेला.

“नको. काल तुम्ही कधी निघालात, काका?”

“साडेपाचला. हजेरीच्या वहीत सही आहे.”

“गणक काम करत होते, आणि तुम्ही गेलात?”

“त्यांनी मला सांगितलंच नाही. राखीव डबा संचालकांच्या कपाटात असतो, लाखेने मोहोर केलेला; किल्ली गणकांकडेही असते. बंदरात प्रत्येक नमुना दोन डब्यांत भरतात. एक मी तपासतो. दुसरा भांडण झालंच तर उघडायचा. तीस वर्षांत कधी उघडला नव्हता.”

“उघडलेला डबा आता कुठे आहे?”

“भट्टीत. संचालकसाहेब सकाळी म्हणाले, गणकाने वापरून उरलेलं खनिज आहे डब्यात, तेच पुन्हा तपासा. नऊला ठेवलंय. कंपनीचे साहेबही हजर होते.”

टेबलावर नोंदवही होती. शेवटचं पान फाडलेलं. फाडलेलं म्हणजे कसं? पट्टी लावून, एका सरळ रेघेत.

“वजन दोनदा का करतात, काका?”

प्रश्न ऐकून काकांचा चेहरा उजळला. मास्तराला आवडता धडा मिळावा तसा. “एकदा वाळवून वजन केलं, तर पाणी सगळं गेलं की नाही कसं कळणार? म्हणून परत तासभर भट्टीत. परत वजन. दोन वजनं तंतोतंत जुळली की समजायचं, कोरडं झालं. नाही जुळली तर आणखी एक तास. घाई करणाऱ्याचं हे काम नाही.”

रकाना पाचवा: पहिले कोरडे वजन

हजेरीची वही बाईंनी खालच्या टेबलावर चाळली. आज सकाळचे अकरा वाजले होते. आजच्या तारखेसमोर, संध्याकाळी जाण्याच्या रकान्यात, सव्वीस जणांच्या सह्या होऊन गेल्या होत्या.

“हे काय?” त्यांनी कारकुनाला विचारलं.

“येतानाच दोन्ही करून टाकतात, बाई. संध्याकाळी गर्दी होते ना.”

ज्या घरात देशाचा हिशेब मांडतात, तिथे माणसं सकाळीच संध्याकाळ उरकून घेत होती. बाईंनी वही दोन बोटांनी मिटली, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी.

तळमजल्यावर छापखाना होता. खात्याचं वार्षिक पुस्तक छापून तयार होतं, फक्त पहिल्या पानावर आकड्याची जागा कोरी. छपाईवाला हातावरची शाई चोळत उभा होता. त्याला बोलायचं होतं, आणि बोलवत नव्हतं.

“काल संध्याकाळी आवाज आला का काही?”

“आला.”

“किती वाजता?”

“सहा वीसला. सव्वासहाला मी यंत्र थांबवलं, पान बदलायला. पाचच मिनिटांत धप्पकन वाजलं बाजूला.”

“मग?”

“मग काय? रोजच काहीतरी पडतं. मी खिडकीतून वर तोंड करून ओरडलो…” तो थांबला. “म्हटलं, मेल्यांनो, निदान पिशवीत तरी बांधून टाका.”

तो भिंतीकडे वळला. या इमारतीत लाज वाटलेला हा पहिला माणूस होता.

रकाना सहावा: दुसरे कोरडे वजन

दुपारी एकला संचालकांनी चिठ्ठी पुढे केली. “राखीव नमुन्याचा निकाल. बारा पूर्णांक एक. गणक चुकलाच होता. आता तरी लिहा.”

“बारा पूर्णांक एक,” बाई म्हणाल्या. “मागच्या अकरा वर्षांचे आकडे मिळतील?”

मिळाले. बारा, बारा पूर्णांक एक, बारा पूर्णांक दोन. उन्हाळ्यातल्या बोटींना बारा, भर पावसात भरलेल्या बोटींनाही बारा.

“उन्हाळ्यात दगडाला घाम येतो का तुमच्याकडे?” बाईंनी कंपनीवाल्याला विचारलं.

तो पुन्हा हसला, पण या वेळी एकाच गालाने.

बाई एकट्याच भट्टीच्या खोलीत गेल्या. काका जेवायला गेले होते. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, खाली पाहिलं, मग बोटांवरचा तो न निघणारा डाग आठवला. लाल शाई. पण टेबलावरच्या नोंदवहीत लाल अक्षर एकही नव्हतं. काल ती शाई या माणसाने ओतली कशात?

भट्टीच्या दारावरची आंधळी काच. बाईंनी स्वतःचा धुतलेला, घडीचा रुमाल काढला, क्षणभर त्याच्याकडे हळहळत पाहिलं, आणि काच पुसली.

काचेमागच्या बंद खोबणीत एक गोल कागद संथ फिरत होता. घड्याळासारखे तास छापलेले. त्यावर एक काटा टेकलेला, आणि काट्याच्या टोकाशी लाल रेघ.

बाईंनी ती रेघ काल दुपारपासून वाचत आणली. मग हवालदाराला हाक मारली.

“आवारातून दोन पत्रकार आण. पंच म्हणून.”

रकाना सातवा: फरक

अडीचला खोलीत सगळे होते. संचालक, कंपनीवाला, काका, दाराशी मुलगी, तिच्यामागे छपाईवाला. भट्टीपाशी दोन पत्रकार, हातात पंचनाम्याचे कागद.

“पत्रकार पंच?” संचालक ओरडले. “हे नियमात बसत नाही!”

“नियमात पंचांचा धंदा लिहिलेला नाही. फक्त प्रतिष्ठित माणसं हवीत. ती मला इमारतीत सापडली नाहीत.”

बाईंनी खिडकीसमोरच्या बुटांकडे बोट केलं. “गणकाने बूट इथे काढले, आणि मोज्यांनी दोन पावलं चालत खिडकी गाठली? मग मोजे तांबडे हवेत. ते पांढरे आहेत. म्हणजे तो खिडकीपर्यंत बूट घालूनच गेला. खोली तापलेली, वाऱ्यासाठी बाहेर वाकला, आणि कुणीतरी मागून त्याचे पाय उचलले. माणूस गेला. ढिले बूट उचलणाऱ्याच्या हातात राहिले. हे झालं सहा वीसला. आवाज ऐकणारा इथे उभा आहे.”

छपाईवाल्याने मान खाली घातली.

“कोण होतं? हजेरीच्या वहीवर विश्वास ठेवायचा तर कुणीच नव्हतं. पण या भट्टीला स्वतःची वही आहे. हा कागद. आतली उष्णता सतत टिपतो. दार उघडलं की उष्णता पडते, रेघ खाली येते. काट्यातली शाई किती वर्षं वाळलेली होती, काका?”

काका काचेकडे पाहत होते. पुसलेल्या काचेकडे. “तीन,” ते पुटपुटले.

“म्हणून तुम्ही तिकडे पाहिलंच नाहीत. गणकाने काल मुलीची लाल शाई आणून काटा भरला. त्याला पुरावा हवा होता. आता पंचांनी वाचावं. चार वाजता रेघ पडली: नमुना ठेवला. सहाला पडली: पहिलं वजन. सहा वीसला माणूस खाली पडला. आणि सातला रेघ पुन्हा पडली. आठला पुन्हा. मग हळूहळू उतरत गेली, कारण कुणीतरी भट्टी बंद केली. मेलेला माणूस वजनं करत नाही.”

पंचांनी वेळा लिहून घेतल्या.

“खुनी पळून का गेला नाही? संचालक असते तर पळाले असते. कंपनीचे साहेब असते तर नमुना त्या कचऱ्यात ओतून मोकळे झाले असते. इथे कुणीतरी थांबलं. पावणेदोन तास. खाली माणूस पडलेला, आणि वर हा घड्याळ बघत बसला. कशासाठी? तर नमुन्यात पाणी घालायचं होतं. पण किती? आजच्या तपासणीत बारा पूर्णांक एक यायला हवं होतं. त्यासाठी खरं कोरडं वजन पक्कं माहीत हवं. एका वजनावर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून दुसरं. दोन्ही जुळेनात, म्हणून तिसरं. खोटंसुद्धा बिनचूक हवं होतं त्याला. मग त्याच नमुन्यात, या पेल्यावरच्या रेघांनी मोजून, अर्धा पेला पाणी घातलं आणि तो डब्यात परत भरला. अकरा वर्षं घालत होता तसंच.”

बाई पंचांकडे वळल्या. “लिहा. ओलं वजन पाचशे ग्रॅम. कोरडं वजन चारशे पन्नास…”

“चारशे ऐंशी पूर्णांक तीन,” काका म्हणाले.

पुढच्या श्वासाला त्यांना कळलं. दोन लेखण्या कागदावर चालू लागल्या.

“चुकीचं वजन लिहू देववत नाही ना?” बाईंनी हळूच विचारलं.

काका स्टुलावर बसले. “त्याने मला घरून बोलावून घेतलं हो. सहाला. मी मागच्याच गल्लीत राहतो, लगेच पोचलो. म्हणाला, काका, भट्टी आज चारच दाखवतेय, मग दर वर्षी बारा कसे आले, तुमच्याशिवाय कुणाला कळणार? त्याला माझा संशयसुद्धा आला नाही.” त्यांनी हात चोळले. तांबडे हात. “मी म्हटलं, जाऊ दे, बाराच धर. तो म्हणाला, उद्या सगळे जुने डबे उघडू.”

“काय मिळत होतं तुम्हाला?”

“जावयाला कंपनीत चिकटवलं. एकदा फ्रीज. बायकोला दातांची कवळी.”

“कुणी दिलं?”

काकांनी मान वर केली नाही, फक्त बोट वर केलं. कंपनीवाला एव्हाना उभा राहिला होता. दारात हवालदारही उभा होता.

“आणि हे?” बाईंनी संचालकांकडे पाहिलं.

“साहेबांनी कधी विचारलं नाही,” काका म्हणाले. “अकरा वर्षांत एकदाही नाही.”

बाईंनी टेबलावरच्या पेल्याकडे पाहिलं. एका देशाच्या डोंगरांची किंमत एक कवळी. आणि खाणगावातल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं ते या पेल्यात, रेघेपर्यंत, मोजून.

रकाना आठवा: शेरा

तीन वाजून चाळीस मिनिटं.

“खुनी मिळाला. उत्तम झालं,” संचालक घाम पुसत म्हणाले. “पण आकड्याची गोष्ट वेगळी. यंदा चोवीस जाऊ द्या. पुढच्या वर्षी समिती नेमू.”

“पंचनाम्यात हेतू लिहावा लागतो,” बाई म्हणाल्या. “हेतू लिहायचा तर वजन लिहावं लागतं. वजन लिहिलं की ओलावा आला. बाराच्या जागी चार धरून गणकाने केलेलं गणित त्याच्या टेबलातून जप्त झालंय, तेही सोबत जोडलं. प्रत्येक पानावर दोन पंचांच्या सह्या आहेत. दोघांनाही वाचता येतं. तुम्ही चारला चोवीस म्हणा ना. ते दोघे साडेचारला काय म्हणतील, ते ऐकू.”

एक पत्रकार आपल्या सहीवरची शाई फुंकरत होता. दुसरा केव्हाच जिन्याकडे निघाला होता.

छपाईवाला दारातून पुढे आला. संचालकांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मुलीसमोर उभा राहिला.

“ताई, पहिलं पान कोरं आहे. काय छापू?”

तिने बाईंकडे पाहिलं. मग संचालकांकडे. ते खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्या हातातलं पेन छपाईच्या कोऱ्या हुकमावर टेकलेलं होतं, हलत नव्हतं, तिच्या तोंडाकडे बघत थांबलेलं.

“पंचवीस,” ती म्हणाली. वर्गात शुद्धलेखन सांगावं तशी, सावकाश. “पूर्णांक सात.”

पेन हललं. संचालकांनी लिहिलं, खाली सही केली, आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

“कुणीतरी पाणी द्या,” ते म्हणाले.

कुणी हललं नाही. खोलीत पेला एकच होता, आणि हवालदार त्यावर लाख लावत होता.